उसनें नांव आणि स्वतःचें गाणें

लोकप्रियता मिळविणें कठीण, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मिळालेली लोकप्रियता बाजूस सारून आपल्या मनासारखें काम करणें त्याहूनही कठीण होय. स्कॉट वॉकर या पाश्चात्य गायकाचें पूर्वचरित्र या दृष्टीनें मननीय आहे.

त्याचें खरें नांव नोएल स्कॉट एंगल. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत, हॅमिल्टन या गांवीं १९४३ सालीं त्याचा जन्म झाला. पुढें जॉन माउस व गॅरी लीड्स या दोघां तरुणांसह त्यानें ‘वॉकर ब्रदर्स’ हें त्रिकूट उभारलें. मौज ही कीं, तिघे एकमेकांचे बंधु नव्हते आणि जन्माचा वॉकर तर त्यांत एकही नव्हता! १९६५ सालीं ते लंडनला आले. त्याच वर्षीं एक आणि १९६६ सालीं दुसरें, अशीं त्यांचीं दोन गीतें इंग्लंडांत खपाच्या यादींत पहिलीं आलीं. दोन्ही इतरांनीं रचलेलीं. स्कॉटचा होता तो केवळ खर्जांतला, भरदार आवाज.

कीर्तीबरोबर चाहत्यांचा गराडाही आला. प्राचीन ग्रेगोरियन धर्मगायन शिकावें म्हणून तो वाइट बेटावरील क्वार येथील मठांत जाऊन राहिला. पण चाहत्यांनीं त्याला तेथेंही गांठलें.

१९६७ सालीं त्रिकूट मोडलें व तो एकटा गाऊं लागला. १९६८ सालची ‘स्कॉट २’ ही त्याची गीतमालिका पुनः खपांत पहिली आली. तींत बरींच गीतें परक्यांचीं होतीं. १९६९ सालच्या ‘स्कॉट ४’ मध्यें मात्र सर्व रचना त्यानें स्वतः केल्या आणि ती प्रसिद्धही केली आपल्या जन्मनांवानें. परिणाम काय? खपाच्या यादींत तिला स्थानच मिळालें नाहीं! तो खचला. पुढील कांहीं वर्षें त्यानें निमूटपणें इतरांचीं गाणीं गाइलीं.

१९७८ पासून मात्र त्यानें निराळीच वाट धरली. १९९५ सालची ‘टिल्ट’ आणि २००६ सालची ‘द ड्रिफ्ट’ या त्याच्या कृती ऐकावयास सोप्या नाहींत; दुसरीच्या मुद्रणाच्या वेळीं तर तालासाठीं मांसाच्या तुकड्यावर बुक्क्या मारविल्या होत्या! कित्येकांस त्या असह्य वाटल्या. जाणत्यांनीं मात्र त्यांची थोरवी मानली. २०१९ सालीं तो निवर्तला, आणि तोंपर्यंत ‘स्कॉट ४’ हीहि त्याच्या उत्तम कृतींत गणली जाऊं लागली होती.

घरांतील एखादा मुलगा चालता उद्योग सोडून अनिश्चित मार्गास लागूं म्हणतो, तेव्हां वडीलधारीं मंडळी अपयशाचें भय दाखवितात. तें भय खोटें नव्हे. स्कॉटच्या बाबतींत तें अक्षरशः खरें ठरलें. परंतु उतारवयांत त्याला खंत वाटे ती १९६९ च्या अपयशाची नव्हे, तर त्यानंतर निमूटपणें घालविलेल्या वर्षांची. मुलाला सल्ला देण्यापूर्वीं हा हिशेबही वडिलांनीं एकदां मांडून पाहावा.