ईसीजीच्या चिपमधली ओळ

ईसीजीच्या कागदावर दिसणारी हृदयाची उंच लाट प्रत्यक्ष त्वचेवर मोजली तर साधारण १ मिलिव्होल्टची भरते. तिच्याभोवतीचा गोंगाट मात्र मोठा असतो. भिंतीतल्या वायरिंगमधून ५० हर्ट्झची गुणगुण येते, रुग्ण कुडकुडत असेल तर स्नायूंची थरथर येते, आणि इलेक्ट्रोड व त्वचा यांच्यामध्येच काहीशे मिलिव्होल्टपर्यंत विद्युतदाब तयार होऊ शकतो. या गर्दीतून नेमकी लाट उचलण्याचे काम यंत्रातल्या चिपवरचा अ‍ॅम्प्लिफायर करतो. दोन इलेक्ट्रोडवर जे सारखे येते ते वजा करायचे आणि उरलेला फरक मोठा करायचा, एवढेच त्याचे तत्त्व.

त्यासाठी त्याच्या तोंडाशी बसलेले दोन ट्रान्झिस्टर जुळ्या भावांसारखे लागतात. एक जरा वेगळा निघाला की वजाबाकी अपुरी राहते आणि गुणगुण रेघेत उतरते. कारखान्यात दोन ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे कधीच होत नाहीत. पण आराखड्यात ते जवळजवळ, एकाच दिशेने, एका ओळीत ठेवले आणि दोघांचा शेजारही सारखा ठेवला, तर फरक बराच कमी होतो. या आराखड्याला लेआउट म्हणतात. १९७१ च्या इंटेल ४००४ या चिपमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते, आणि त्या काळी रुबीलिथ नावाची लाल फिल्म हाताने कापून आराखडे तयार होत. आता डिजिटल भागातले कोट्यवधी ट्रान्झिस्टर सॉफ्टवेअर आपसूक मांडते. अ‍ॅनालॉग भाग मात्र अजून बराचसा माणूसच माउसने मांडतो.

अशा सॉफ्टवेअरमध्ये, उदाहरणार्थ कॅडेन्स कंपनीच्या व्हर्चुओसोमध्ये, वस्तू एका ओळीत आणण्याची तयार सोय असते. मग वेगळे साधन कशाला? कारण तयार सोय सहसा वस्तूभोवतीची सर्वांत बाहेरची चौकट पाहते. त्या चौकटीत ट्रान्झिस्टरभोवतीचे संरक्षक कडे येते, कधी नावाची पट्टीही येते. फोटोसाठी उभ्या केलेल्या माणसांची उंची फेट्याच्या तुऱ्यापासून मोजावी, तसला हा प्रकार. तुरे एका रेषेत येतात, खांदे येत नाहीत. अभियंत्याला हवे असतात ते खांदे, म्हणजे ट्रान्झिस्टरचे गेट.

म्हणून तो स्क्रिप्ट लिहितो. व्हर्चुओसोमध्ये त्यासाठी ‘स्किल’ नावाची भाषा आहे. ती जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या लिस्पच्या घराण्यातली. ‘केलेआउट’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच काम रुबी किंवा पायथनमध्ये करता येते, त्यामुळे विद्यार्थ्यांनाही ते आवाक्यातले आहे. स्क्रिप्टचे काम सांगायला सोपे आहे: पहिली निवडलेली वस्तू नमुना धरायची, बाकीच्या प्रत्येकीत फक्त गेटचा थर शोधायचा, त्याची कड नमुन्यापासून किती दूर आहे ते मोजायचे आणि तेवढे सरकवायचे.

अडचणी त्यानंतर सुरू होतात. वस्तू फिरवून किंवा आरशातल्यासारखी उलटवून ठेवलेली असू शकते. अशा ८ स्थिती संभवतात, आणि मूळ नकाशातली डावी कड प्रत्यक्षात वरची निघते. त्याहून चिवट अडचण जाळीची. प्रत्येक कोपरा ठरावीक जाळीच्या बिंदूवरच यावा लागतो. समजा जाळी ५ नॅनोमीटरची आहे, एका पट्टीची रुंदी १०० आणि दुसरीची १०५. दोघींचे मध्य जुळवायला गेले की एक कड अडीच नॅनोमीटरवर, म्हणजे दोन बिंदूंच्या मधोमध येते. अशी कड पुढे मास्क बनवताना कधी इकडे, कधी तिकडे ढकलली जाऊ शकते, आणि जुळ्या भावांत फरक पडतो. चांगली स्क्रिप्ट इथे गप्प बसत नाही. ती ठरलेल्या बाजूच्या बिंदूवर वस्तू बसवते आणि तसे कळवते. हिशेब मायक्रॉनच्या दशांशात न करता पूर्णांकात करणे शहाणपणाचे, कारण ०.००५ हा साधा दिसणारा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमका लिहिताच येत नाही.

हे सगळे हाताने करता येणार नाही का? येते की. पण शेकडो वस्तू पडदा मोठा करून, कड शोधून, एकेक सरकवायच्या तर मनगट दुखते, पापण्या कमी मिटल्याने डोळे कोरडे पडतात आणि लक्ष हटते. पहिल्या दहा वस्तू माणूस बिनचूक लावतो. दोनशेव्या वस्तूची खात्री कोण देणार? औषधांचे डोस मोजणाऱ्या रात्रपाळीच्या परिचारिकेला हा प्रश्न नवा नाही.

स्क्रिप्टचा धोकाही तिच्या वेगातच आहे. एका क्लिकमध्ये चाळीस ट्रान्झिस्टर सरकतात आणि त्यांना जोडलेल्या तारा जागच्या जागी राहू शकतात. त्यामुळे सगळे सरकवणे एकाच पावलात मागे घेता येईल अशी तजवीज आधी लिहावी लागते. मग शस्त्रक्रियेनंतर गॉज मोजतात तशा दोन तपासण्या होतात: कारखान्याचे अंतराचे नियम पाळले गेले का, आणि काढलेला आराखडा मूळ सर्किटशी जुळतो का. जोडणी सुटली असेल तर दुसरी तपासणी ती पकडते. गेट एका जाळीने चुकले असेल, तर दोन्ही तपासण्यांतून आराखडा बिनबोभाट पुढे जाऊ शकतो. ती चूक दिसते थेट चिप हातात आल्यावर, रेघेतल्या थरथरीत. आणि मग नवे मास्क बनवून पुन्हा कित्येक महिने थांबावे लागते.