नकाशा, होकायंत्र आणि धांव

धुळ्याबाहेर आग्रा रस्त्यावरील लळिंगचा किल्ला ज्यांनीं पाहिला आहे, त्यांनीं क्षणभर अशी कल्पना करावी. डोंगराच्या पायथ्याशीं चाळीस विद्यार्थी उभे आहेत. त्यांस एकेक करून, कांहीं मिनिटांच्या अंतरानें सोडण्यांत येतें. सुटतांच प्रत्येकाच्या हातीं एक नकाशा पडतो. त्यावर दहा लहान वर्तुळें क्रमानें आंखलेलीं असून प्रत्येकाच्या मध्यस्थानीं, प्रत्यक्ष रानांत, एक पांढरें-नारिंगी निशाण टांगलेलें आहे. तीं सर्व क्रमानें गांठून जो सर्वांत कमी वेळांत परत येईल तो विजयी. टेंकडी ओलांडावी कीं तिला वळसा घालावा, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. ह्या खेळास ओरिएन्टिअरिंग म्हणतात. आपण त्यास तूर्त दिशाशोधनाची शर्यत म्हणूं.

हा खेळ उत्तर युरोपांतील सैन्यांत जन्मास आला. नागरिकांसाठीं पहिली शर्यत 31 ऑक्टोबर 1897 रोजीं नॉर्वेंत झाली. परंतु त्यास खरें वळण दिलें तें स्वीडनचे मेजर अर्न्स्ट किलांडर ह्यांनीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत स्टॉकहोमचे तरुण धांवण्याच्या शर्यतींस कंटाळूं लागले होते, ही गोष्ट त्यांच्या मनास लागली. तोच वाटोळा मार्ग पुनःपुन्हां धांवण्यांत पायांस काम मिळतें, पण डोकें रिकामेंच राहतें. 1919 च्या मार्च महिन्यांत त्यांनीं स्टॉकहोमजवळ नाका येथें शर्यत भरविली, तेव्हां 200 हून अधिक स्पर्धक उतरले. मुलें खेळास विटलीं म्हणून मुलांस दोष न देतां खेळच बदलणारा हा गृहस्थ मला फार शहाणा वाटतो.

पुढें 1930 नंतरच्या वर्षांत केलस्ट्रम बंधूंच्या सिल्वा कंपनीनें नवें होकायंत्र काढलें. पारदर्शक पट्टीवर फिरती तबकडी बसविलेली. पट्टीची कड नकाशावर इष्ट दोन स्थळांस जोडून ठेवावी, तबकडीवरील रेषा नकाशाच्या उत्तर-रेषांशीं जुळवाव्या, आणि सुई तबकडींतील बाणावर येईपर्यंत स्वतः वळावें. समोर येईल तीच आपली दिशा. कोनमापकाचें काम यंत्रांतच झाल्यामुळें शाळेंतील मुलासही तें साधूं लागलें.

येथें भूगोलाच्या विद्यार्थ्यांस एक प्रश्न सुचेल. सुई खऱ्या उत्तरेकडे न वळतां चुंबकीय उत्तरेकडे वळते, त्याचें काय? ह्या शर्यतीच्या नकाशावर रेषाच चुंबकीय उत्तरेच्या काढलेल्या असतात. म्हणून हिशेब करावा लागत नाहीं. शिवाय आपल्या खानदेशांत हा फरक एका अंशाहूनही कमी आहे.

नकाशाचे रंगही ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. तपकिरी रेषा समान उंचीच्या. त्या दाट झाल्या कीं चढ उभा समजावा. निळें तें पाणी, काळे ते खडक व वाटा, पिवळें तें मोकळें माळरान. जंगल मात्र हिरवें नसून पांढरें दाखवितात! हिरवा रंग धांवण्यास अडथळा करणाऱ्या दाट झाडीचा. 1:10000 ह्या प्रमाणांत एक सेंटिमीटर म्हणजे 100 मीटर. तेवढ्या अंतरांत आपलीं पावलें किती पडतात हें प्रत्येकानें आधीं मोजून ठेवावें. चतुर स्पर्धक थेट निशाणाकडे धांवत नाहीं. तो प्रथम जवळचा नाला, वाटांचा फांटा किंवा एकाकी खडक अशी न चुकणारी खूण गांठतो, आणि तेथून सावकाश निशाण शोधतो. म्हणूनच सर्वांत वेगवान धांवणारा पुष्कळदां मागें पडतो.

1961 सालीं कोपनहेगन येथें 10 राष्ट्रांनीं आंतरराष्ट्रीय संघ स्थापिला. 1966 मध्यें फिनलंडांत पहिली जागतिक स्पर्धा झाली. तींत पुरुषांत नॉर्वेचे ओगे हाडलर व स्त्रियांत स्वीडनच्या उल्ला लिंडक्विस्ट विजयी झाल्या. पहिल्याच स्पर्धेपासून स्त्रियांस स्थान मिळालें, हें आमच्या पालकवर्गानें अवश्य पाहावें.

विद्यापीठांत हा खेळ लवकरच रुजला. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यार्थ्यांचीं अशीं मंडळें असून त्यांचा परस्परांशीं सामना होतो. ब्रिटनमध्यें खेळाचा प्रसार करणाऱ्यांत केलस्ट्रम घराण्यांतील यान नांवाचा तरुण होता; 1967 मध्यें तो रस्त्यावरील अपघातांत मृत्यु पावला. ईस्टरच्या सुटींत तेथें भरणारी मोठी स्पर्धा त्याच्याच नांवानें चालते. 1978 सालीं फिनलंडांत विद्यापीठीय विद्यार्थ्यांची पहिली जागतिक स्पर्धाही झाली.

आपल्याकडे आरंभ करावयाचा तर खर्च मोठा नाहीं. शाळेच्या आवाराचा नकाशा मुलांनींच पावलांनीं मोजून काढावा. मग जळगांवचा मेहरूण तलाव आहे, लळिंग आहे. हंगाम थंडीचा निवडावा, कारण आमच्या उन्हाळ्यांत ही शर्यत म्हणजे शिक्षाच. उभ्या पिकांत शिरणें नियमानेंच वर्ज्य आहे, तेव्हां केळीच्या बागाइतदारांनीं निर्धास्त असावें.

आणखी एक नियम अत्यंत कडक आहे. जो स्पर्धक मध्येंच शर्यत सोडील, त्यानेंही अखेरच्या ठिकाणीं येऊन आपली वर्दी दिलीच पाहिजे. तो कंटाळून परस्पर घरीं गेला, तर इकडे लोक कंदील घेऊन रानांत त्यास शोधीत राहतात.