आधी दवाखाना, मग पोलीस ठाणं

“आधी पोलीस ठाण्यातून कागद आणा, मग तपासू.” लैंगिक अत्याचार सोसून आलेल्या बाईला दवाखान्याच्या दारात हे ऐकावं लागतं. सोबतची आई किंवा मावशीही निमूट माघारी वळते, कारण नियम तसाच असावा असं तिलाही वाटतं. नियम नेमका उलटा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार रुग्णालय सरकारी असो की खासगी, अशा बाईवर ताबडतोब आणि मोफत उपचार करणं त्याला बंधनकारक आहे. पोलिसांना कळवणं हे रुग्णालयाचं काम, तिचं नव्हे. उपचार नाकारले तर रुग्णालयाच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय, नेरूळचं मीनाताई ठाकरे रुग्णालय, ऐरोलीचं राजमाता जिजाऊ रुग्णालय किंवा कोपऱ्यावरचं खासगी रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा.

तक्रार उद्याही देता येते, औषधं थांबत नाहीत. एचआयव्हीची लागण टाळणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, तेही जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढे २८ दिवस घ्यावं लागतं. गर्भधारणा टाळण्याची गोळी पहिल्या तीन दिवसांत अधिक गुणकारी असते, तरी पाच दिवसांपर्यंत उपयोगी पडू शकते. कावीळ ‘ब’ची लस आणि गुप्तरोगांवरचे उपचारही याच भेटीत सुरू होतात. गर्भ राहिलाच, तर गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अत्याचारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करून घेता येतो.

“आंघोळ केली, आता पुरावा कुठला?” म्हणून अनेकजणी जातच नाहीत. शक्यतो अंग धुऊ नये हे खरं, पण धुतलं तरी जावं. नमुने साधारण चार दिवसांपर्यंत घेता येतात. त्या वेळचे कपडे न धुता, प्लास्टिकऐवजी कागदी पिशवीत घालून न्यावेत.

सगळ्यात चिवट समज मात्र जखमांचा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, हे त्यामागचं एक कारण होतं. त्या निकालावरच्या संतापातून १९८३ साली कायदा बदलला, पण तो तर्क अजून घराघरांत जिवंत आहे. भीतीने शरीर गोठतं, धमकीपुढे हात उचलला जात नाही. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येत नाही, हे आता कायद्यातच लिहिलेलं आहे.

बाईला शरीरसंबंधांची सवय आहे का हे योनीत बोटं घालून पाहणारी ‘दोन बोटांची तपासणी’ही आता करता येत नाही. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी या तपासणीविरुद्ध अभ्यासपूर्ण अहवाल मांडला होता. ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बजावलं. बाकी तपासणीलाही बाईची संमती लागते. तिने तपासणी नाकारली, तरी उपचार नाकारता येत नाहीत. रुग्णालयाने पोलिसांना कळवलं, तरी सज्ञान बाईला स्वतः तक्रार द्यायची नसेल तर तशी नोंद होते. अठरा वर्षांखालील मुलांबाबत मात्र पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं.

“आमच्या हद्दीत येत नाही” हे उत्तरही ऐकून घेऊ नका. प्रकार खारघरला घडला आणि ती घणसोलीत राहत असली, तरी कुठलंही ठाणं शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घेतं. राज्याच्या मनोधैर्य योजनेतल्या अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी बोलावं.

महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीसाठी ११२. कुणी तुमच्याकडे आली, तर काय घडलं ते खोदून विचारत बसू नका. बदलायचे कपडे घ्या, रिक्षा बोलवा, तिच्यासोबत जा आणि ती म्हणेल तोवर तिथेच थांबा.