भार कुठल्या पायावर?

पंढरपूरचा विठोबा समचरण उभा आहे. दोन्ही पावलं सारखी टेकलेली, हात कमरेवर. त्याच्या खांद्यांतून एक आडवी रेघ काढा, कमरेतून दुसरी काढा. दोन्ही समांतर निघतात. आता मुरलीधर कृष्ण डोळ्यांपुढे आणा. सगळा भार एका पायावर, दुसरा पाय आढी घालून नुसता चवड्यावर टेकलेला. कंबर एकीकडे, छाती दुसरीकडे आणि मान पुन्हा उलट बाजूला कललेली. आपल्या मूर्तिकारांनी पहिल्या उभं राहण्याला समभंग म्हटलं आणि दुसऱ्याला त्रिभंग. माणसाचं झटपट रेखाटन, आर्ट स्कूलच्या बोलीत जेश्चर ड्रॉइंग, शिकायचं असेल तर सुरुवात या फरकापासून करावी. पेन्सिल कुठली आणि कागद कसला, हे नंतर.

जेश्चर म्हणजे समोरचा माणूस काय करतो आहे त्याचं चित्र. तो कसा दिसतो, हा पुढचा प्रश्न. त्याने भार कुठे टाकलाय, कुठल्या बाजूला ताण आहे, कुठे तो सैल सुटलाय, एवढंच अर्ध्या मिनिटात किंवा फार तर दोन मिनिटांत कागदावर यायला हवं. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणाऱ्या किमॉन निकोलाइडीस यांनी या सरावाला पद्धतशीर रूप दिलं. ते 1938 मध्ये गेले आणि त्यांचं ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ हे पुस्तक 1941 मध्ये निघालं. त्यातली जेश्चरची उदाहरणं पाहिली तर पहिल्या नजरेला नुसता गुंता वाटतो. पेन्सिल कागदावरून न उचलता गरागरा फिरवलेली. गंमत अशी की बहुतेक शिकणारे तेवढा गुंताच उचलतात. हात भराभर चालला की जेश्चर झालं, अशी त्यांची समजूत होते. मला ही समजूत सगळ्यात घातक वाटते. वेळ कमी असतो म्हणून रेघा कमी काढायच्या, आणि रेघा कमी म्हणून प्रत्येक रेघ विचार करून काढायची, असा हा मामला आहे. वेग सरावाने आपोआप येतो.

वेळ इतका कमी का, याला एक साधं शारीरिक कारणही आहे. वीस मिनिटं टिकेल अशी पोझ म्हणजे बसणं, रेलणं, फार तर काठीला धरून उभं राहणं. भाला फेकायच्या तयारीत मागे वाकलेलं शरीर मिनिटभर टिकतं, पाच मिनिटांत हात थरथरायला लागतात. म्हणजे ज्या पोझमध्ये खरी हालचाल असते, त्या छोट्याच असणार. मॉडेलचं काम किती कष्टाचं असतं हे वर्गात बसणाऱ्यांना बरेचदा कळत नाही. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ (2018) या चित्रपटामुळे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या मॉडेलचं आयुष्य निदान पडद्यावर तरी आलं.

आपल्याकडे शिकणाऱ्याची आणखी एक अडचण असते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षांनी आपला हात घडवलेला असतो. स्थिरचित्राच्या पेपरात तांब्या हलत नाही. मधोमध अक्ष काढायचा, दोन्ही बाजू सारख्या करायच्या, चुकलं की खोडायचं आणि शेवटी बाहेरची रेघ स्वच्छ करायची. तांब्यासाठी हे सगळं योग्यच आहे. पण हीच सवय माणसावर चालवली की डोक्यापासून सुरू केलेली आउटलाइन खांद्यापर्यंत येते तोवर पोझ बदलते, आणि कागदावर उरतं अर्धं डोकं, एक नीट काढलेला कान. म्हणून पहिले काही महिने खोडरबर घरी ठेवावा.

साहित्याचं थोडक्यात. मोठा कागद हवा, स्वस्त हवा. न्यूजप्रिंट उत्तम, कारण वाया गेला तरी जीव हळहळत नाही. चारकोल किंवा मऊ पेन्सिल घ्यावी, ती लिहितो तशी न धरता आडवी, तळव्याखाली धरावी, म्हणजे रेघ बोटांतून न येता खांद्यातून येते. बोटांच्या टप्प्यात चार इंचाची रेघ बसते. सबंध माणसाची लांबी एका दमात घ्यायची तर कोपर आणि खांदा हलायलाच हवेत. बोर्ड शक्यतो उभा ठेवावा. मांडीवर सपाट ठेवला की लांबचं टोक तिरपं दिसतं आणि चित्रातली प्रमाणं बिघडतात.

आता एकच पोझ घेऊ. नऊवारीतली एक बाई उभी आहे. सगळा भार डाव्या पायावर, उजवा गुडघा सैल, डावा हात कमरेवर, मान किंचित उजवीकडे वळलेली. वेळ दोन मिनिटं.

पहिले काही सेकंद कागदाला हात लावायचा नाही. त्याऐवजी उठून तसंच उभं राहून पाहावं. वर्गात लाज वाटते, पण यासारखा दुसरा उपाय नाही. डाव्या पायावर भार टाकला की डावी कंबर वर उचलली गेल्याचं स्वतःच्या अंगात कळतं. तोल सांभाळायला डावा खांदा खाली येतो. डावी कूस दुमडते, उजवी ताणली जाते. हे एकदा अंगाला कळलं की डोळ्याला समोरच्या बाईत तेच शोधायला फार वेळ लागत नाही.

पहिली रेघ डोक्यापासून भाराच्या पावलापर्यंत, एका दमात. ही कुठल्याही अवयवाची कड नव्हे; शरीरातून वाहणारी मुख्य दिशा आहे. या बाईत ती मानेतून निघते, ताणलेल्या उजव्या कुशीकडे फुगते, कमरेपाशी डावीकडे वळते आणि डाव्या पायातून खाली उतरते. सौम्य, लांब वळण. ती सरळ सोट आली तर पुढचं सगळं लाकडी होणार, हे धरून चाला.

मग दोन आडव्या रेघा, एक खांद्यांची आणि एक कमरेची. या बाईत त्या समांतर नाहीत. डावीकडे जवळ येतात, उजवीकडे फाकतात. आता इथे जरा थांबायला हवं, कारण अख्ख्या विद्येचं मर्म या दोन रेघांत आहे. छातीचा पिंजरा आणि कमरेचं हाड, दोन्ही कडक असतात. वाकतो, पिळतो, झुकतो तो त्यांच्यामधला मऊ भाग. हे पाहायला वारली चित्रासारखं दुसरं उदाहरण नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवलेले. वरचा धड, खालचा कंबर. नाक-डोळे नाहीत, स्नायू नाहीत. तरी तारपा वाजवणारा कुठला, पाटी घेऊन चाललेली कुठली, हे लांबून ओळखू येतं, कारण वरचा त्रिकोण खालच्याशी कुठला कोन करतो ते चितारणाऱ्याच्या हाताला नेमकं ठाऊक असतं. अॅनाटॉमीची जाड पुस्तकं घेण्याआधी वारली माणसांची दोन-चार पानं नक्कल करावीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट कुशी. डावीकडे दुमड पडली आहे, तिथे आखूड, तुटक रेघा येतात; लुगड्याच्या चुण्याही तिथेच गोळा झालेल्या दिसतील. उजवीकडे काखेपासून कमरेपर्यंत एक लांब, सलग रेघ. दोन्ही बाजूंना सारखे फुगवटे काढण्याचा मोह होतो, आणि तिथेच तांब्याची सवय डोकं वर काढते. शरीरात समोरासमोरचे फुगवटे क्वचितच एका उंचीवर असतात. स्वतःच्या पायाकडे पाहा: आतला घोटा वर आहे, बाहेरचा खाली. पोटरीत उलट, समोरून पाहिलं तर बाहेरचा फुगवटा वर, आतला खाली. या तिरप्या चढउतारामुळे पाय खाली वाहतो. फुगवटे समोरासमोर आले की तोच पाय खुर्चीच्या कातीव पायासारखा दिसतो.

त्यानंतर डोकं, एक अंडाकृती पुरे, पण मानेच्या झुकावासह. मग हातपाय. खांद्यापासून मनगटापर्यंत एकच प्रवाह घ्यावा, कोपराशी थांबून नवा तुकडा जोडू नये. बोटं नकोत, पंजाची दिशा दाखवणारी एक चपटी खूण पुरते. नवशिके चेहरा आणि बोटं आधी काढतात, कारण माणसात आपल्याला रस असतो तो तिथे. शेवटी पावलाखाली जमिनीची एक गडद खूण, भार पडलाय तिथे जास्त दाबून.

उरलेल्या दहा-पंधरा सेकंदांत तपासणी करायची. गवंडी भिंत पाहायला ओळंबा सोडतो, तसा गळ्याच्या खळीतून मनात एक ओळंबा सोडावा. भार एकाच पायावर असेल तर तो त्या पायाच्या आतल्या घोट्याच्या आसपास उतरायला हवा. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर दोन पावलांच्या मध्ये. चित्रात तो पावलांच्या बाहेर पडला, तर बाई पडते आहे. मग मांडीचं शेडिंग कितीही सुंदर असू दे. चालणारा, धावणारा माणूस मात्र खरोखरच क्षणभर पडत असतो, तिथे ओळंबा बाहेर जाणंच बरोबर. कबड्डीचा चढाईपटू रेषेकडे झेपावतो तेव्हा मागच्या चवड्यापासून पुढच्या बोटांपर्यंत एकच ताणलेली रेघ असते, आणि ओळंबा त्याच्या पावलांच्या कितीतरी पुढे.

यात मधूनमधून कागदाकडे बघायचं किती? कमीत कमी. शिल्पकार ऑगस्त रोदँ उतारवयात मॉडेलना स्टुडिओत मोकळं फिरायला सांगायचा आणि नजर त्यांच्यावरून न काढता कागदावर हात चालवायचा. 1906 मध्ये कंबोडियाच्या राजदरबारातल्या नर्तकी फ्रान्समध्ये आल्या, तेव्हा तो पॅरिसहून त्यांच्यामागे मार्सेयपर्यंत गेला आणि चित्रांचा ढीग घेऊन परतला. त्या रेखाटनांत प्रमाणं ठिकठिकाणी सुटलेली आहेत, एखादा हात दोनदा काढलेला आहे, पण मनगटाची मुरड एकही चुकलेली वाटत नाही.

आणखी एक युक्ती अॅनिमेशनवाल्यांकडून घ्यावी. वॉल्ट स्टँचफील्ड डिस्नेच्या चित्रकारांना जेश्चर शिकवायचे. त्यांची टिपणं 2009 मध्ये ‘ड्रॉन टु लाइफ’ या नावाने दोन खंडांत आली. पोझचा जो काही आशय असेल तो थोडा वाढवून काढा, हा त्यांचा आग्रह. यात नुसती मजा नाही. पुढे चित्र नीटनेटकं करताना हात प्रत्येक वळण थोडं थोडं सरळ करत जातो, हे कुठल्याही वर्गात दिसतं. खांद्यांचा कल पाच अंश दिसत असेल तर आठ अंश काढावा. शेवटपर्यंत त्यातला पाच तरी शिल्लक राहतो.

मॉडेल परवडत नसेल तर फोटोंवरून सराव चालतो, पण सावधपणे. फोटोत भार कुठे आहे हे अंदाजाने ठरवावं लागतं, आणि मोबाइलची लेन्स जवळचा हात नको तेवढा मोठा करते. त्यापेक्षा एसटी स्टँड बरा. वाट पाहणारी माणसं दर दोन मिनिटांनी पाय बदलतात आणि पुन्हा पहिल्या पायावर येतात. म्हणून एका पानावर तीन-चार रेखाटनं अर्धवट सुरू ठेवावीत, माणूस परत त्या पोझमध्ये आला की ते पूर्ण करावं. इस्त्रीवाला, पोळ्या लाटणारी, तालमीत जोर मारणारे पैलवान, यांच्या हालचाली फिरून फिरून त्याच येतात, म्हणून ते उत्तम मॉडेल. लोकलमध्ये काढणार असाल तर समोरच्याला अवघडायला होणार नाही एवढं भान ठेवा. कोणी विचारलं तर वही दाखवावी. बहुतेकांना आवडतं, काहींना अजिबात आवडत नाही, तेव्हा पान उलटावं.

वेळांचं वाटप कसं करावं? सुरुवातीला तीस सेकंदांच्या पोझवर भर देऊ नये, असं मी सांगेन. एवढ्या वेळात नवशिका फक्त घाबरतो. दोन मिनिटांपासून सुरुवात करावी, मग एक, मग अर्धं. आणि प्रत्येक बैठकीत शेवटी एक वीस मिनिटांचं चित्र करावं, नाहीतर जेश्चर ही पानं भरण्याची कसरत होते. त्या लांब चित्रातही पहिली दोन मिनिटं वरचाच क्रम. मग छातीच्या पिंजऱ्याला आणि कमरेला ठोकळ्याचा घाट द्यायचा, गळ्याची खळी, कमरेच्या हाडाची पुढची दोन टोकं, गुडघे अशा हाडांच्या जागा पक्क्या करायच्या आणि शेवटी बाहेरची रेघ.

लांब पोझमध्ये एक गोष्ट हमखास घडते. दहाव्या मिनिटाच्या आसपास मॉडेल थकते. उचललेली कंबर खाली बसते, खांदे ओघळतात, दोन आडव्या रेघा समांतर व्हायला लागतात. शिकणारा प्रामाणिकपणे समोर दिसतंय तसं दुरुस्त करत जातो आणि वर्ग संपेपर्यंत त्याच्या कागदावर समचरण उभी बाई तयार होते. अशा वेळी समोर दिसणाऱ्या कमरेऐवजी कागदावरच्या पहिल्या तिरप्या रेघेचं ऐकावं. समोरून घ्यायचं ते फक्त घोटा, कोपर, चुण्या, सावली, आणि तेही त्या पहिल्या कलात बसवून.