जॉर्जियाची मधली फळी : २०२२
अमेरिकी फुटबॉलमध्ये बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभा राहून चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवणारा आणि जवळच्या पासवरही नजर ठेवणारा खेळाडू, म्हणजे लाइनबॅकर, हीच २०२२ च्या हंगामापूर्वी जॉर्जिया विद्यापीठाच्या संघाची खरी चिंता होती. कारण २०२१ च्या राष्ट्रीय विजेतेपदात मोलाचा वाटा असलेले नकोबी डीन, क्वे वॉकर आणि चॅनिंग टिंडल हे तिघेही ड्राफ्टमधून, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीतून, एकदमच गेले होते. त्यांतही सर्वोत्तम लाइनबॅकरसाठीचा बटकस पुरस्कार मिळवलेल्या डीनची उणीव भरून काढणे अधिक अवघड, कारण बचावाची मांडणी ऐनवेळी बदलण्याची हाक मैदानावर तोच देत असे. कडेच्या जागी मात्र नोलन स्मिथ ड्राफ्ट लांबणीवर टाकून थांबला होता.