किन्हवलीहून शहापूर की मुरबाड?

आषाढात भातलावणी सुरू झाली की आमच्या अपघात विभागात सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. कुणाचा बांधावरच्या गवतात पाय पडलेला असतो. कुणाला जमिनीवर झोपलेले असताना मण्यार चावते आणि पहाटे पोट दुखते म्हणून तो उठतो. किन्हवलीच्या आसपासच्या एखाद्या पाड्यावरून असा रुग्ण निघाला की घरच्यांपुढे पहिला प्रश्न रस्त्याचा येतो. एक रस्ता शहापूरला जातो, दुसरा सरळगावमार्गे मुरबाडला. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये रुग्णाला धरून निघालेला माणूस अंदाजानेच वळतो. काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण आमच्याकडे उशिरा पोहोचला. आधी तो जिथे गेला होता, तिथे त्या रात्री लसीच्या पुरेशा व्हायल नव्हत्या. तो वाचला, पण दोन दिवस व्हेंटिलेटरवर होता.

हे मी घरी बोलून दाखवले, तेव्हा पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करणारी माझी मुलगी म्हणाली, ''बाबा, कुठे किती व्हायल आहेत, हे एआयला विचारता आलं तर?'' मी लगेच फोनवर एका एआयला विचारले. त्याने शांतपणे सांगितले की आपल्याला कोणत्याही रुग्णालयाचा आजचा साठा माहीत नाही, फोन करून खात्री करा. उत्तर प्रामाणिक होते, पण उपयोगाचे नव्हते. त्यातून सुट्टीच्या दोन दिवसांत आम्ही बापलेकीने एक छोटा प्रात्यक्षिक सर्व्हर उभा केला.

त्याचे काम समजायला आमच्या वॉर्डाचेच उदाहरण घ्या. डॉक्टर स्वतः रक्त तपासत बसत नाही. तो चिठ्ठी लिहितो, वॉर्डातले मामा ती लॅबमध्ये नेतात, रिपोर्ट येतो आणि मग डॉक्टर नातेवाइकांशी बोलतो. एआयचेही तसेच. सर्व्हर ही लॅब. आपल्याकडे कोणत्या तपासण्या होतात, त्यांची यादी तो आधी देतो. या प्रत्येक तपासणीला 'टूल' म्हणतात. टूलचे नाव, ते काय करते याचे दोन ओळींचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती द्यावी लागते, एवढे यादीत असते. प्रश्न आला की एआय चिठ्ठी लिहितो, आपल्या फोन-संगणकातला प्रोग्रॅम मामांसारखा ती पोहोचवतो आणि आलेल्या उत्तरावरून एआय वाक्य रचतो. चिठ्ठी कशी लिहायची याची एक खुली पद्धत अँथ्रोपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल किंवा एमसीपी हे तिचे नाव. आता इतर कंपन्यांचे एआयही ती वापरतात.

आमचा सर्व्हर पायथनमध्ये पन्नासेक ओळींचा झाला. आधी तो मुलीच्या लॅपटॉपवरच चालवला, नंतर दुसऱ्या संगणकावर ठेवून इंटरनेटवरचा पत्ता दिला. 'रिमोट' म्हणतात ते एवढेच. पण पत्ता कळला की कुणीही दार वाजवू शकते, म्हणून किल्लीही लावावी लागली. खरी रुग्णालये आणि रुग्णांची नावे मुद्दाम घेतली नाहीत. केंद्र अ, ब आणि क, प्रत्येकाचा काल्पनिक साठा आणि एकच टूल: साठा सांगा.

गंमत पुढे झाली. मी विचारले, ''कुत्रा चावलाय, लस कुठे मिळेल?'' एआयने केंद्र ब सांगितले, चौदा व्हायल. त्या सर्पदंशाच्या होत्या! टूलच्या वर्णनात आम्ही नुसते 'लसीचा साठा' लिहिले होते. आपल्याकडे दोन्हींना लसच म्हणतात. वर्णनात 'फक्त सर्पदंशाची, रेबीजची नाही' असे घातले, तेव्हा चूक थांबली.

दुसरी चूक मला जास्त लागली. केंद्र क ची नोंदच आम्ही भरली नव्हती आणि सर्व्हर तिथे शून्य पाठवत होता. एआयने ठामपणे सांगितले, तिथे लस नाही. केसपेपरवर रिकामी जागा आणि 'निल' यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे आम्ही इंटर्नना पहिल्या आठवड्यात शिकवतो. मी स्वतःच ते विसरलो. आता सर्व्हर 'नोंद नाही, फोन करा' असे उत्तर देतो आणि प्रत्येक आकड्यासोबत तो कधी भरला ती वेळही पाठवतो.

मुलीला डोस सांगणारे टूलही करायचे होते. त्याला मी नकार दिला. प्रत्येक दंशात विष शिरलेले नसते. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती घालवते. ते ओळखायला काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवावे लागते. नळी प्लॅस्टिकची घेतली तर तपासणी फसते. मण्यारीत ही तपासणी चांगली येऊ शकते, तिथे पापण्या पडताहेत का ते पाहायचे असते. मुलाला आणि मोठ्याला लस सारखीच लागते, कारण सापाने विष वजन बघून सोडलेले नसते. हे सगळे खाटेशेजारी उभे राहूनच ठरते.

हा खटाटोप कशासाठी, असे एका सहकाऱ्याने विचारले. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. केंद्र सरकारच्या मार्च २०२४ च्या कृती आराखड्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे उद्दिष्ट आहे. साप चावला तर चावलेली जागा कापू नका, करकचून बांधू नका, भगताकडे वेळ घालवू नका. तो अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि शक्य असेल तर निघण्याआधी रुग्णालयालाही फोन लावा.

प्रात्यक्षिक मी आमच्या औषध भांडारातल्या फार्मासिस्टना दाखवले. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारून पाहिले, मान डोलावली आणि म्हणाले, ''डॉक्टर, रात्री अडीचला सिस्टर दहा व्हायल काढतात. रजिस्टरमध्ये सही सकाळी होते. मग हा आकडा रात्री कोण भरणार?'' सध्या आम्ही बापलेक त्यावरच बोलतो आहोत. वॉर्डातल्या फ्रीजच्या दारावर एक बटण बसवायचे, व्हायल काढली की दाबायचे, असे तिचे म्हणणे आहे. सिस्टरना विचारायचे अजून बाकी आहे.