ऑल्कारियाची वाफ

नैरोबीहून वायव्येकडे निघालेला रस्ता शंभर किलोमीटर पुरे व्हायच्या आत रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर येतो, आणि तिथून जमीन एकदम खाली उतरते. तळाशी नैवाशाचं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. त्याच्या दक्षिणेला हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान, आणि उद्यानाला लागून, काही ठिकाणी तर उद्यानाच्या हद्दीतच, ऑल्कारियाचं भूऔष्णिक क्षेत्र पसरलं आहे. डोंगरउतारांवरून जाड नळ वळणं घेत धावतात. झेब्र्यांना, जिराफांना खालून जाता यावं म्हणून ते जागोजागी उंच उचललेले आहेत. टेकड्यांमधून पांढऱ्या वाफेचे लोट चढत असतात आणि हवेत गंधकाचा उग्र वास असतो. केनियाच्या एकूण विजेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वीज अलीकडच्या वर्षांत जमिनीखालच्या वाफेतून येते. त्या विजेचा फार मोठा वाटा या एका परिसराचा आहे.

आफ्रिकेतल्या विजेची गोष्ट आपल्यापर्यंत बहुतेक वेळा अंधाराची गोष्ट म्हणून येते. ऑल्कारिया तिची दुसरी बाजू दाखवतं. कोळशाची खाण नसलेल्या, तेल आयात करणाऱ्या एका देशाने पायाखालच्या उष्णतेवर जवळजवळ सात दशकं श्रम केले आणि भूऔष्णिक विजेत जगातल्या पहिल्या दहा देशांत जागा मिळवली. मला या प्रकल्पाबद्दल मनापासून आदर आहे. तरी ही वीज तयार करणं हे निम्मंच काम होतं. उरलेलं निम्मं, म्हणजे ती घरात पोचवणं, अजून पुरं व्हायचं आहे.

आधी वाफेबद्दल. पूर्व आफ्रिकेत पृथ्वीचं कवच ताणलं जात आहे. ते पातळ झालेल्या पट्ट्यात तप्त शिलारस वर सरकला आहे. भेगांतून खोल झिरपणारं पावसाचं पाणी या उष्णतेजवळ तापत राहतं. आपल्या कोकणात उन्हवऱ्याला किंवा तुरळला गरम पाणी आपसूक वर येतं आणि माणसं त्यात आंघोळ करतात. ऑल्कारियात मात्र ते गाठायला दोन-तीन किलोमीटर खोल जावं लागतं आणि तिथलं तापमान तीनशे अंशांच्या घरात असतं. रिगने छिद्र पाडायचं, वरच्या भागात पोलादी नळ उतरवून तो सिमेंटने पक्का करायचा, खालच्या भागात फटी असलेला नळ सोडायचा म्हणजे खडकातली वाफ आत येईल. हे काम रात्रंदिवस, पाळ्यांमध्ये, महिना-दोन महिने चालतं. मग विहीर काही आठवडे तापू द्यायची आणि झडप उघडायची. झडप उघडेपर्यंत आत काय सापडलं हे नक्की सांगता येत नाही.

वर येतं ते वाफ आणि पाणी यांचं मिश्रण. विभाजकात ते गरगर फिरवलं की पाणी खाली बसतं आणि कोरडी वाफ टर्बाइनकडे जाते. उरलेलं क्षारयुक्त गरम पाणी पुन्हा जमिनीत सोडतात. नाहीतर वर वाहणाऱ्या पाण्याने परिसर बिघडेल आणि खालचा साठाही आटत जाईल. त्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते. ते थंड होऊ लागलं की नळांच्या आतून ती दगडासारखी जमते. वाफेसोबत येणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं खातो, म्हणजे विजेच्या केंद्रात नेमकं जे सगळीकडे लागतं तेच. इथली देखभाल हे एक स्वतंत्र शास्त्र आहे.

पहिला प्रयत्न वसाहतकाळातला. 1956 ते 1959 या काळात इथे दोन विहिरी खोदल्या गेल्या, सुमारे साडेनऊशे मीटरपर्यंत. दोन्हींतून उपयोगाची वाफ निघाली नाही आणि काम थांबलं. पुन्हा सुरुवात झाली ती स्वातंत्र्यानंतर, 1970च्या दशकात, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने. 1973च्या तेलसंकटाने त्या शोधाला निकड आली. 1981 मध्ये ऑल्कारियाचा पहिला 15 मेगावॅटचा संच सुरू झाला. 1985 पर्यंत तसे तीन संच झाले, एकूण 45 मेगावॅट. पहिली विहीर ते पहिला संच यांत पाव शतक गेलं.

त्यानंतरही गती संथच होती. केनियाची भिस्त ताना नदीवरच्या धरणांवर होती. 1999 ते 2001 च्या दुष्काळात जलाशय खाली गेले आणि देशाला कडक भारनियमन सोसावं लागलं. महाराष्ट्रात ज्यांनी लोडशेडिंगची वर्षं काढली आहेत त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. पावसावर अवलंबून नसलेली वीज ही चैन नव्हे, हे त्या दुष्काळाने शिकवलं. 2003 मध्ये ऑल्कारियाचं दुसरं केंद्र आलं. तिसरं एका खासगी कंपनीने उभारलं. 2014-15 मध्ये चौथं केंद्र आणि पहिल्याचा विस्तार मिळून 280 मेगावॅटची भर पडली, 2019 मध्ये पाचवं केंद्र, 2022 मध्ये आणखी एक संच. मधल्या काळात एक हुशार युक्तीही योजली गेली. मोठं केंद्र उभं राहीपर्यंत खोदलेल्या विहिरी वर्षानुवर्षं बंद पडून राहतात, म्हणून विहिरीच्या तोंडाशीच छोटी जनित्रं बसवली. वाफ हाती लागताच वीज सुरू.

इथे एका निर्णयाजवळ थांबायला हवं, कारण इतर देशांनी घ्यावी अशी खरी गोष्ट तीच आहे. एका खोल विहिरीला काही दशलक्ष डॉलर लागतात आणि ती कोरडी निघू शकते. एवढी जोखीम खासगी भांडवल सहसा घेत नाही. बँका तर वाफ दिसल्याशिवाय दारातही उभं करत नाहीत. 2008 मध्ये केनियाने जिओथर्मल डेव्हलपमेंट कंपनी ही सरकारी संस्था काढली. विहिरी खोदण्याची जोखीम तिने घ्यायची आणि सापडलेली वाफ वीजकेंद्र बांधणाऱ्यांना विकायची, अशी ती मांडणी. मेनेंगाई ज्वालामुखीच्या विवरात या पद्धतीने काम सुरू झालं आणि तिथलं पहिलं 35 मेगावॅटचं खासगी केंद्र 2023 मध्ये चालू झालं. पंधरा वर्षं हा काळ लांब वाटतो. पण खर्चाच्या ज्या टप्प्यावर सगळे मागे हटतात त्या टप्प्यावर सरकारने उभं राहायचं, हे धोरण मला योग्य वाटतं. आपल्याकडे लडाखमधल्या पुगाच्या वाफेची चर्चा कैक वर्षं चालली आहे, तिलाही जोखीम कुणी घ्यायची हाच प्रश्न लागू आहे.

दुसरी गुंतवणूक माणसांत झाली. आइसलँडमध्ये 1979 पासून चालणाऱ्या भूऔष्णिक प्रशिक्षणवर्गात केनियाने सातत्याने आपले भूशास्त्रज्ञ आणि अभियंते पाठवले. तिथे शिकून गेलेल्यांत केनियाच्या लोकांची संख्या कुठल्याही इतर देशापेक्षा अधिक आहे. त्यातून घडलेली केनजेन ही सरकारी वीजकंपनी अलीकडच्या वर्षांत इथिओपियात आणि जिबूतीत जाऊन विहिरी खोदून आली आहे. ज्या देशाला एकेकाळी दोन कोरड्या विहिरींवर काम सोडावं लागलं, त्याचे खोदकामगार आता शेजाऱ्यांची जमीन पारखतात.

पण ही जमीन रिकामी नव्हती. नैवाशाचा परिसर मासाई पशुपालकांचा होता. 1904च्या करारानंतर ब्रिटिशांनी त्यांना रेल्वेजवळच्या सुपीक भागातून हलवलं, गोऱ्या वसाहतकारांना जमीन हवी म्हणून. जे मासाई ऑल्कारियाच्या आसपास टिकले, त्यांतल्या चार वस्त्यांना 2014 मध्ये चौथ्या केंद्रासाठी पुन्हा उठावं लागलं. दीडशेच्या आसपास कुटुंबांना नवी वसाहत बांधून दिली. पक्की घरं मिळाली. मात्र रस्ते, जमिनीची कागदपत्रं, गुरांना चराई आणि पर्यटकांकडून होणारं उत्पन्न यांबद्दल रहिवाशांनी जागतिक बँक आणि युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक यांच्या तक्रार यंत्रणांकडे दाद मागितली. चौकशी झाली, मध्यस्थी झाली आणि 2016 मध्ये समझोता झाला. कोयनेच्या विस्थापितांना ज्या देशात अर्धशतकाहून अधिक काळ कागदांसाठी फिरावं लागलं, तिथल्या वाचकाने हा भाग तळटीप म्हणून वाचू नये. आसपासच्या मासाई वस्त्यांनी डोक्यावरून जाणाऱ्या उच्चदाबाच्या तारा वर्षानुवर्षं पाहिल्या आणि घरात मात्र रॉकेलचा दिवा लावला. वीजनिर्मिती आणि वीजपुरवठा हे दोन वेगळे प्रश्न आहेत याचा पुरावा शोधायला दूर जावं लागत नाही.

2010च्या सुमारास केनियात दर पाच माणसांमागे एकाच्याच घरी वीज होती. आज ते प्रमाण तीन चतुर्थांशांच्या आसपास आहे. दहा-बारा वर्षांत एवढी मजल जगात थोड्याच देशांनी मारली आहे. ती फक्त वाफेने झाली नाही. केनेथ ली, एडवर्ड मिगेल आणि कॅथरीन वोल्फ्रम या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह पश्चिम केनियातल्या दीडशे ग्रामीण ट्रान्सफॉर्मरांभोवतीची घरं मोजली. आपल्याकडे ज्याला डीपी म्हणतात तो ट्रान्सफॉर्मर गावात उभा होता, पण त्याच्या टप्प्यातल्या घरांपैकी सरासरी पाच टक्केच घरं जोडलेली होती. वीज न मिळालेल्यांतली साधारण निम्मी घरं तारेपासून दोनशे मीटरच्या आत होती. अडचण जोडणीच्या शुल्काची होती: 35,000 शिलिंग, तेव्हाच्या दराने चोवीस-पंचवीस हजार रुपये. शेतमजुराने ते कुठून आणायचे? 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘लास्ट माइल’ योजनेत शुल्क 15,000 शिलिंगवर आलं, तेही हप्त्यांनी, आणि ट्रान्सफॉर्मरपासून 600 मीटरच्या आतली घरं जोडायचं ठरलं. घरात वायरिंग करायलाही पैसे नसणाऱ्यांसाठी तयार बोर्ड निघाले. एका फळीवर बल्बचा होल्डर, दोन-चार सॉकेट, झालं.

त्याच काळात तारेची वाट न पाहणारा दुसरा मार्गही उघडला. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा सेवा केनियात 2007 पासून रुजली होती. तिच्या आधाराने एम-कोपासारख्या कंपन्यांनी छपरावरचं छोटं सौर पॅनल, बॅटरी, दिवे आणि रेडिओ असा संच रोजच्या किरकोळ हप्त्यावर दिला. हप्ता चुकला की संच दुरूनच बंद होतो. हा नियम कठोर आहे, पण रॉकेलवर रोज जाणाऱ्या पैशांत बसणारा असल्याने लाखो घरांनी तो स्वीकारला.

तारांच्या दिरंगाईचं एक उदाहरण वाऱ्याचंही आहे. तुर्काना सरोवराकाठी 365 पवनचक्क्यांचा 310 मेगावॅटचा प्रकल्प 2017 मध्ये तयार होता. चारशे किलोमीटरहून लांब वाहिनी वेळेत न झाल्याने त्या चक्क्या सव्वा वर्षाहून जास्त काळ जोडणीविना उभ्या राहिल्या आणि देशाला त्यासाठी भरपाई मोजावी लागली. वाहिनी अखेर सप्टेंबर 2018 मध्ये चालू झाली. 2023 मध्ये ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत देशभर वीज गेल्याचे प्रसंगही एकाहून अधिक वेळा आले. वीज नव्हती असं नाही, जाळं ती पेलू शकलं नाही.

आणि रात्र. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत मागणी शिगेला असते. मध्यरात्रीनंतर ती कोसळते. कोळशाची भट्टी मंद करता येते, धरणाची दारं बंद करता येतात, पण विहिरीतली वाफ सारखी येतच राहते. त्यामुळे कित्येक रात्री ऑल्कारियातली वाफ वापराविना हवेत सोडून द्यावी लागते. देशात दरडोई वापर वर्षाला दोनशे युनिटच्या आसपास आहे, भारतात तो तेराशेच्या वर आहे. म्हणजे पुरवठा मागणीला पुरून उरतो, कारण मागणी अजून गरीब आहे. त्या तिघा अभ्यासकांच्या पुढच्या प्रयोगात असंही दिसलं की नुसती जोडणी दिल्याने कुटुंबाच्या आयुष्यात लगेच फारसा बदल होत नाही. हा निष्कर्ष जोडणीविरुद्धचा पुरावा म्हणून वाचणं मला चुकीचं वाटतं. बल्ब आणि मोबाइल एवढंच घेता येतं तिथे बदल येणार कुठून? त्यापुढे पिठाची गिरणी, दुधाचं शीतकेंद्र, पाण्याचा पंप, शिवणयंत्र घ्यायला कर्ज लागतं. 2017च्या अखेरीस कारखान्यांसाठी रात्रीचा स्वस्त दर सुरू झाला, तो योग्य दिशेचा आहे. बहुसंख्य कुटुंबांचा स्वयंपाक अजून लाकूड आणि लाकडी कोळशावर होतो. विजेच्या शेगड्यांना तसाच दर मिळाला तर वाया जाणारी वाफ बायकांच्या फुफ्फुसांपर्यंत जाणारा धूरही कमी करेल.

उत्तरेकडच्या कोरड्या जिल्ह्यांत, मांडेरा, वजीर, तुर्काना अशा भागांत, घरं इतकी विरळ आहेत की ऑल्कारियाची तार तिथे लवकर पोचणार नाही. त्यांच्यासाठी 2017 मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाने 14 जिल्ह्यांची सौर योजना मंजूर झाली: गावापुरती छोटी सौर जाळी, घरगुती संच, दवाखाने आणि शाळांचे पॅनल, पाण्याच्या पंपांची वीज. तिचं काम संथ गतीने चाललं आहे. ऑल्कारियाच्या रिगला जो पैसा, जी माणसं आणि जो धीर मिळाला, तो या छोट्या जाळ्यांना अजून मिळालेला नाही.